खऱ्या वाक्याचे शेंगदाणे

‘डेअर’ हा शब्द शिकवायची वेळ आली की माझी पोरं फार खूश होतात. सिल्वासातल्या आमच्या शाळेत अर्धा वर्ग घरी गुजराती बोलतो, उरलेला हिंदी-मराठीची भेळ. पण ‘ट्रुथ अँड डेअर’ सगळ्यांना येतं. एकाला मिरची खायला लावायची, दुसऱ्याला मुख्याध्यापकांच्या खुर्चीला हात लावून यायला सांगायचं. मी फळ्यावर लिहिते: डेअर म्हणजे धजावणं, हिंमत करणं. समोरच्याला ‘आहे का हिंमत, करून दाखव’ म्हणून डिवचणं, तेही डेअरच. ‘हाऊ डेअर यू’ म्हणजे तुझी ही बिशाद! इथवर सगळं हसतखेळत चालतं. मग ‘डेअर नॉट’ येतं आणि ते मी घाईघाईनं उरकते. उदाहरण पुस्तकातलं देते. माझ्याजवळ एक स्वतःचं आहे, ते देत नाही.

आमचे नाना, म्हणजे वडील, धुळ्याकडचे. इथंच सामरवरणीत धाग्याच्या एका कंपनीत मशीनवर होते आणि आम्ही डोकमर्डीला एका खोलीत राहत होतो. शाळा अर्ध्यात सुटल्याचा राग त्यांनी इंग्रजीवर काढला. आठवडी बाजारातून कव्हर नसलेला एक शब्दकोश आणला होता. पाळी संपवून आले, हातपाय धुतले, की मोठ्या ताईला आणि मला समोर बसवायचे. रोज एक शब्द. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा. हे सगळ्याच शाळांत करतात. नानांचा नियम जरा वेगळा होता. वाक्य आपल्या घरातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. ‘राजा शिकारीला गेला’ असलं काही म्हटलं की ते म्हणायचे, “कोणता राजा? तुले कथा भेटना तो?” म्हणजे तुला कुठं भेटला. खऱ्या वाक्याला मूठभर भाजलेले शेंगदाणे मिळत.

आई जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ताईची बारावी झाली होती आणि घर तीच चालवायची. स्वयंपाक, पाणी, माझी वेणी, सगळं. तिचा नाशिकला नर्सिंगला नंबर लागला होता. हे फक्त मला माहीत होतं. टाकीवरून पाणी आणताना तिनं सांगितलं आणि लगेच शपथ घातली. नानांनी मात्र तिच्यासाठी कंपनीत पॅकिंगमध्ये शब्द टाकला होता आणि चाळीभर अभिमानानं सांगूनही झालं होतं. नाशिकला हजर व्हायची तारीख जवळ येत होती. ताई रोज बोलायचं ठरवायची आणि रोज भाकरी वाढून भांडी घासायला बसायची.

नाना मारकुटे नव्हते. त्यांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही, आणि घोडं तिथंच अडलं होतं. मारणाऱ्या बापाशी निदान भांडता येतं. दमूनभागून आलेला, ‘एकदम तुझ्या मायसारखी झाली’ म्हणत आपल्या हातची भाकरी खाणारा बाप, त्याच्यापुढे कसं धजावायचं ते कुठल्याही शब्दकोशात दिलेलं नाही.

त्यातच एका संध्याकाळी शब्द निघाला ‘डेअर’.

माझं वाक्य तयार होतं. “हाऊ डेअर यू ड्रिंक माय मिल्क!” मी दारातल्या मांजरीला दटावलं. आदल्या दिवशी तिनं खरंच दूध संपवलं होतं. नाना खो खो हसले. मला शेंगदाणे मिळाले.

“आते तू सांग व माय,” ते ताईला म्हणाले.

ताई पीठ मळत होती. मान वर न करता ती म्हणाली, “आय डेअर नॉट टेल माय फादर.”

वडिलांना सांगायला मी धजत नाही. माझ्या तोंडातला दाणा तसाच राहिला. आता नाना विचारतील, काय सांगायचं आहे म्हणून, आणि सगळं एकदाचं बाहेर येईल. नाना शब्दकोश डोळ्यांजवळ धरून बोट फिरवत होते. मग त्यांचा चेहरा उजळला.

“वा! एकदम बरोबर शे. साहेब लोक असंच बोलतस.”

ते उठले आणि ताईच्या पीठभरल्या हातावर त्यांनी शेंगदाणे ठेवले, माझ्याहून जास्त. ताईनं ते खाल्ले नाहीत. परातीशेजारी काढून ठेवले आणि पुन्हा मळायला लागली.

नाशिकची तारीख गेली. ताई पॅकिंगला लागली. तिच्या पगारावर मी कॉलेज केलं, बी.एड. केलं. मी आज जे इंग्रजी शिकवते ते तिच्या नाशिकवर उभं आहे, आणि हे मला रोज टोचतं. पुढं तिचं लग्न झालं, ती धुळ्याकडे गेली. नवरा चांगला आहे, मुलं गुणी आहेत. तिनं नर्सिंगचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. नानांचा मला किती राग यायचा! आणि त्यांच्याइतकं माझ्यावर कुणी प्रेमही केलं नाही.

गेल्या वर्षी नानांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांनी अंथरूण धरलं. शेवटी शेवटी ताई येऊन राहिली. त्यांना कुशीवर वळवणं, अंग पुसणं, पाठ चोळणं, औषधाच्या वेळा, सगळं तिनं अंगावर घेतलं. तपासायला आलेले डॉक्टर तिचे हात बघत राहिले. “ट्रेनिंग कुठं केलं तुम्ही?”

“घरीच,” ताई हसून म्हणाली.

डॉक्टर गेले. नाना डोळे मिटून पडले होते, ते उघडून म्हणाले, “माय, तू माले काय सांगनार व्हती?”

“कव्हय, नाना?”

“ते वाक्य. डेअर नॉट.”

इतकी वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. मी दारात उभी होते आणि मनातल्या मनात ओरडत होते, सांग ताई, आता तरी सांग.

“काहीच नही, नाना,” ताई म्हणाली. “शब्द निंघना व्हता, म्हणून वाक्य करं.”

“खोटं?”

“हा. खोटं.”

नानांनी कसाबसा हात पुढे केला, तळवा वर करून.

“मंग शेंगदाणा परत दे.”

ते हसवायला बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. ताईनं उशाचा ओला रुमाल उचलला, तो रिकामा तळवा आपल्या हातात घेतला आणि त्याचं एकेक बोट सावकाश पुसत बसली.