पावणेदोनशे टक्के

मालेगावच्या बसस्टँडवरून वाशिमच्या रस्त्याला लागलं की मोटारसायकलच्या गॅरेजला खेटून जमशेदभाईंचं दुकान आहे. पाटीवर अजून 'रेडिओ-टीव्ही दुरुस्ती' असंच आहे. रेडिओ गेले, डबा टीव्ही गेले, आता लॅपटॉप येतात. पण पाटी बदलायचा जमशेदभाईंना कंटाळा. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणसाला कंटाळा करायचा एवढा हक्क तरी असावा.

त्या मंगळवारी दुपारी एक निळी पिशवी पायरी चढून आली. पिशवी धरणाऱ्या मुलीचा चेहरा नीट दिसायच्या आधीच जमशेदभाईंनी पिशवी ओळखली. महिन्याभरात ती तिसऱ्यांदा तक्रार घेऊन येत होती.

"चाचा, पुन्हा तसंच होऊन राह्यलं," रंजीता म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळं होता आलं असतं.

रंजीता जवळच्या तांड्यावरची, कॉलेजात शिकणारी. तिचे वडील सेवालाल दर हंगामाला ऊसतोडीला जायचे आणि तिथं ट्रॅक्टर चालवायचे. मागच्या हंगामात ट्रॉली उलटली, कंबर गेली, तेव्हापासून ते खाटेवर. लेकीनं आपल्या जुन्या लॅपटॉपवर त्यांना ट्रक चालवायचा खेळ टाकून दिला. सेवालाल उशीवर लॅपटॉप ठेवून दिवसभर माल वाहायचे, गिअर बदलायचे, चढावर शिव्या द्यायचे. घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला होता.

मग लॅपटॉप गरम होतो म्हणून पंखा साफ करायला जमशेदभाईंकडे आला, आणि परत गेल्यापासून खेळाचं बिनसलं. खेळ पूर्ण पडद्यावर लावला की चित्र फुगायचं आणि उजवीकडचा, खालचा भाग पडद्याबाहेर जायचा. नेमका तिथंच रस्त्याचा नकाशा आणि वेगाचा काटा.

"बा रोज कुठंतरी धडकते," रंजीता म्हणाली. "मंग लॅपटॉप मिटवते अन् भिताडाकडं तोंड करून पडते. म्हणते, आता मले हेबी जमत नाही."

जमशेदभाईंनी मान हलवली. पहिल्या खेपेला त्यांनी खेळाच्या आतलं चित्राचं माप कमी करून दिलं होतं, तर चित्र पुसट झालं. दुसऱ्या खेपेला डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्राम, नव्याने टाकला, खेळ स्वतः लावून पाहिला, नीट चालला, म्हणून छातीवर हात ठेवून लॅपटॉप दिला. घरी जाऊन पुन्हा तेच. दुकानात शहाण्यासारखं वागायचं आणि घरी गेलं की अंगात यायचं, अशा मशिनीला काय म्हणावं?

"ठेवून जा बेटा, संध्याकाळी पाहतो."

"नाही चाचा, मी इथंच बसते." तिनं स्टूल ओढलं.

जमशेदभाईंना कोणी शेजारी बसलेलं अलीकडे आवडत नसे. डाव्या डोळ्यात दोन वर्षांपासून धुकं उतरलं होतं आणि उजवाही आता कुरकुर करत होता. बायको, सुलतानबी, दोन ईदांपासून मागे लागली होती: "वाशिमले जाऊन डोये दाखवा." ते म्हणायचे, दुकान कोण पाहीन? खरं कारण वेगळं होतं. त्यांचे अब्बा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं आणि त्यानंतर ते अकरा वर्षं ओट्यावर बसून होते, हातात बंद घड्याळ धरून. तो ओटा जमशेदभाईंना फार भेवडावत असे. म्हणून ते चष्म्यावर भिंग लावायचे, मोबाईलचा उजेड पाडायचे, कधी विजेला, कधी कंपन्यांना नावं ठेवायचे. आणि कोणताही लॅपटॉप हाती आला की आधी एकच काम करायचे, सेटिंगमध्ये जाऊन अक्षरं मोठी. शंभरावरून थेट पावणेदोनशे टक्के. हात सवयीनं तिथं जायचा, जसा पूर्वी टीव्ही उघडण्याआधी फडक्याकडे जायचा. पतसंस्थेतले रामराव तर कौतुकानं म्हणत, जमशेदभाईच्या हातून मशीन आली का अक्षर कसं ठसठशीत दिसते. कौतुक ऐकताना माणूस विचार करत नाही, हाच घोटाळा.

त्यांनी ड्रायव्हर पुन्हा टाकला. पडदा एकदा काळा झाला, उजळला, आणि मोठी केलेली अक्षरं आपोआप शंभरावर येऊन बारीक झाली. डोळे ताणून त्यांनी खेळ लावला.

"झालं ना चाचा!" रंजीता पुढं वाकली. "नकाशाबी दिसून राह्यला."

"मागच्या टायमालेबी असंच झालं होतं. थांब, बाकीचं तपासून देतो." त्यांनी खेळ बंद केला. तपासायचं म्हणजे वाचायचं, आणि समोर तर खसखस सांडल्यासारखी अक्षरं. हात सेटिंगकडे गेला. पावणेदोनशे. मग त्यांनी सावकाश सगळं पाहिलं, समाधानानं मान डोलावली आणि लॅपटॉप मिटायला घेतला.

"चाचा, आता एकडाव पुन्हा लावा बरं."

लावला. ट्रक फुगून पडद्याबाहेर गेला. नकाशा नाही, काटा नाही.

गॅरेजमध्ये कोणीतरी गाडी रेस करत होतं.

"तुमी अक्षरं मोठी केली का तसं होते," रंजीता हळूच म्हणाली. मग आणखी हळू, "चाचा, तुमाले दिसत नाही का?"

पस्तीस वर्षांत जमशेदभाईंनी गिऱ्हाइकाचे नाही नाही ते बोल ऐकले होते. हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि ती त्या दुपारी त्यांच्यात उरली नव्हती.

"नाही दिसत," ते म्हणाले. "म्हंजे मशीन चांगलीच होती. माह्या डोयानं सेवालालचा ट्रक धडकून राह्यला होता."

त्यांनी अक्षरं पुन्हा शंभरावर आणली, खेळ लावला. डोळे न ताणता पाहिलं, तर पडद्यावर त्यांना एक निळसर ठिपका हलताना दिसला. बाकी सगळं धुकं.

"नकाशा आला?"

"आला."

"काटा?"

"आला चाचा. सगळं आलं."

तिच्या शब्दावर त्यांनी लॅपटॉप मिटला. आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मशीन हातावेगळी करायची ही त्यांची पहिलीच वेळ, आणि त्याची लाज त्यांना कानापर्यंत जाणवली.

रंजीतानं निळी पिशवी खांद्याला लावली. पायरीवर थांबून म्हणाली, "मी कोणाले सांगत नाही."

"सांग," जमशेदभाई म्हणाले. "रामरावले आधी सांग. त्याच्याबी लॅपटॉपचं तसंच असन."

ती गेल्यावर त्यांनी भिंग खणात ठेवलं आणि घरी फोन लावला. "उद्या दुकान बंद ठेवतो," ते म्हणाले. "वाशिमले जाऊ."

दोन ईदांपासून हेच ऐकायला टपलेली सुलतानबी. ती आता चांगली ऐकवणार, म्हणून त्यांनी फोन कानापासून थोडा लांब धरला. पण ती नुसती "बरं" म्हणाली. तिच्या आवाजात त्यांना आपल्याइतकीच भीती ऐकू आली.