भिजलेल्या पुस्तकांचे बगळे

वडिलांची बदली ठाण्याच्या शाळेतून कल्याणच्या शाळेत झाली, तेव्हा आम्ही रेल्वेने गेलो आणि सामान मचव्यातून खाडीने आले. वाटेत मचव्यात पाणी शिरले. भांडीकुंडी वाचली, पुस्तकांची पेटी तेवढी भिजली. उन्हात घालूनही पुष्कळ पाने चिकटलेलीच राहिली, काही बुरशीने काळी पडली. वडील शाळेतून आले की पेटीकडे पाठ करून बसत.

"नदीत सोडू का?" आईने विचारले.

"नको."

"मग लगदा करते. माहेरी आम्ही रद्दीच्या टोपल्या करायचो."

त्यांनी मान डोलावली. आई पहिले पुस्तक फाडायला बसली आणि थांबली. तिला अक्षरओळख नव्हती.

"ह्यात काय आहे ते आधी वाचून दाखवा," ती म्हणाली, "मग फाडते."

तेव्हापासून संध्याकाळी मागल्या पडवीत वडील वाचता येईल तेवढे वाचत आणि ते पान तिच्या हाती देत. ती ते घंगाळात भिजत टाकी. मग उखळात कुटून त्यात चिंचोक्यांची खळ आणि किडीसाठी मेथीची पूड घाली. त्या आंबूस वासाने मला जेवण जात नसे.

टोपल्या दोनच झाल्या. पुढे तिने पेंढ्याचा सांगाडा बांधून त्यावर लगदा लिंपला आणि खाडीवरचा बगळा केला. वडिलांनी तो फिरवून पाहिला.

"मान जाड झाली," ते म्हणाले. दुसऱ्याची मान त्यांनी स्वतः वळली.

शेजारी राहणारे थोरले काका एकदा पडवीत डोकावले.

"अरे, बायकोला भूगोल शिकवतोस? लोक काय म्हणतील?"

"लगदा करतोय, दादा," वडील म्हणाले.

बगळ्यांना चुना दिला. चोचींना हळद लावली, ती चुन्याने लाल झाली. तशीच राहू दिली. आई त्यांना पुस्तकांवरून ओळखे. हा व्याकरणाचा, हा वैद्यकाचा. व्याकरणाच्या बगळ्याने दमट हवेत लवकरच मान टाकली.

पेटी रिकामी झाल्यावरही वडील सवयीने पडवीत येऊन बसले. आई हात पुसत आली.

"शाळेतून एखादं आणता येईल का?" तिने विचारले. "फाडणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी इतिहासाचे पुस्तक आणले. पुढे काकूही वाती वळायच्या निमित्ताने तिथे येऊन बसू लागली.