थोरल्याचा आवाज बसला तेव्हा

फोन आला तेव्हा मी आणि माझी मुलगी गराजसमोरचा बर्फ उपसत होतो. मुलगी कॉलेजातून मुद्दाम घरी आली होती, कारण त्या संध्याकाळी आम्ही दोघी शिकागोला एका आयरिश बँडच्या कॉन्सर्टला जाणार होतो. फोनवर माझ्या क्लिनिकची नर्स होती. एका गायकाचा आवाज आदल्या रात्री स्टेजवर गाता गाता गेला होता. आज त्याचा शिकागोत शो होता. मी येऊ शकेन का, असं ती विचारत होती. तिने गायकाचं नाव सांगितलं आणि मी फावडं बर्फातच खोचून ठेवलं.

मी घशाची डॉक्टर आहे. गायक, शिक्षक, वकील, पाद्री, ज्यांचं पोट आवाजावर चालतं अशांचे बसलेले आवाज तपासणं हे माझं रोजचं काम.

"मला निघायला लागेल," मी मुलीला म्हटलं. "तू संध्याकाळच्या ट्रेनने ये. तिथेच भेटू."

"आज? सीरियसली, आई? कोण पेशंट आहे?"

"पेशंट कोण ते मी तुला कधी सांगते का?"

तिने खांदे उडवले आणि पुन्हा बर्फ उपसायला लागली. तिच्या कोटाच्या आत त्याच बँडचा टीशर्ट होता.

आज हे लिहिते आहे, कारण पुढे त्या बँडने स्वतःच सगळं जगाला सांगितलं, आणि त्या गायकाने मलाही लिहायला मोकळीक दिली. नावं नकोत एवढंच तो म्हणाला. म्हणून त्याला थोरला म्हणते. त्याचा भाऊ त्याच बँडमध्ये ड्रम वाजवतो, तो धाकटा.

नेपरव्हिल या आमच्या उपनगरातून शिकागोत पोचेपर्यंत रस्ताभर बर्फावर मीठ टाकणाऱ्या गाड्या पुढे होत्या. मी गाडीत त्यांची गाणी लावली नाहीत. लावायची गरजच नव्हती. मिरजेला मेडिकलला असताना माझ्या रूममेटच्या भावाने, तो मर्चंट नेव्हीत होता, त्यांची पहिली कॅसेट आणून दिली होती. पश्चिम आयर्लंडमधल्या एका लहान बंदरगावातली चार पोरं, गावात कुणाला काम नाही, आणि हा थोरला जणू दार तोडायचं आहे असा ओरडत गात होता. शब्द आम्हाला निम्मे कळायचे नाहीत, पण राग कळायचा. अ‍ॅनाटॉमीचं पाठांतर करून डोकं जड झालं की आम्ही ती कॅसेट लावायचो.

मग ते अमेरिकेत आले. हॉल मोठे झाले, तसा आवाजही मोठा झाला. एक सूर उंच नेऊन तो तिथेच धरून ठेवायला थोरला शिकला, आणि लोक त्या सुरासाठी तिकिटं काढायला लागले. मी रेसिडेन्सीसाठी या देशात आले, तेव्हा ते अगदी शिखरावर होते. आणि तिथेच त्यांनी गिटारी बाजूला ठेवल्या, यंत्रं आणि कीबोर्ड घेतले, आणि थोरला नुसता पुटपुटत गाईल असा अल्बम काढला. चाहते चिडले. मीही चिडले होते, नंतर तोच अल्बम सगळ्यात जवळचा झाला. पुढे बेस वाजवणारा सोडून गेला. भावाभावांचं फाटलं. काही वर्षं काहीच आलं नाही. आईच्या अंत्यविधीला दोघांनी गावच्या चर्चच्या हॉलमध्ये एकत्र वाजवलं, तिथून पुन्हा सुरुवात झाली. आता त्यांच्या गाण्यात फिडल, म्हणजे आयरिश ढंगाचं व्हायोलिन, असतं, थोरल्याचा आवाज खालच्या पट्टीत येतो, आणि हॉलमध्ये माझ्या वयाची माणसं आपल्या मुलांना घेऊन येतात.

क्लिनिकच्या मागच्या दाराने त्यांना आत घेतलं होतं. थोरला पोस्टरवर दिसतो त्यापेक्षा बराच लहानखुरा होता. गळ्याला मफलर. शेजारी त्यांची मॅनेजर, पन्नाशीची बाई, दोन्ही हातांत दोन फोन. धाकटा खिडकीपाशी कोट न काढता उभा होता. खोलीत आल्यापासून दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नसावं, असं मला वाटलं.

"काय झालं ते सांगा," मी म्हटलं. थोरल्याने तोंड उघडलं तशी मी घाईने म्हटलं, "नाही, तुम्ही नाही. दुसऱ्या कुणीतरी."

मॅनेजरने सांगितलं. शेवटच्या गाण्यात, त्या उंच सुरावर, आवाज मध्येच तुटला, दिवा विझावा तसा. दुखलं नाही. नुसता गेला.

दुखलं नाही, हे ऐकून मला बरं वाटलं नाही; न दुखता एकदम आवाज जातो तो बहुधा आत रक्त फुटल्यावर. नाकातून दुर्बीण घातली. थोरला शांत बसून राहिला, फक्त खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पडद्यावर स्वरतंतू दिसले. डाव्यावर जुने घट्टे होते, इतकी वर्षं आदळून आदळून पडलेले. मिरजेच्या खोलीत ऐकलेलं ते ओरडणं असं समोर दिसेल हे कधी मनात आलं नव्हतं. उजवा तंतू मात्र कडेपासून कडेपर्यंत लाल होता. आत रक्त साकळलं होतं.

"कुठल्या गोळ्या घेता?"

थोरल्याने गुडघ्याकडे बोट दाखवलं. मॅनेजरने पर्समधून बाटली काढली. गुडघेदुखीसाठी, रक्त पातळ करणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या. तो त्या खिशातून शेंगदाणे खावेत तशा खात होता.

"आजपासून या बंद," मी म्हटलं. "आणि गाणं बंद. बोलणंही बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही."

"डॉक्टर," मॅनेजर म्हणाली, "स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या. मागे एका डॉक्टरांनी दिलं होतं, संध्याकाळ निभावली होती."

"सूज असती तर मीही विचार केला असता. हे रक्त आहे."

"आणि तरी तो गायला तर?"

मी खरं ते सांगितलं. "कदाचित काहीच होणार नाही. कदाचित पहिल्याच गाण्यात आणखी रक्त येईल, मग तिथे वण राहील, आणि हा आवाज परत यायचा नाही."

थोरल्याने फोनवर काहीतरी टाइप केलं आणि पडदा माझ्यासमोर धरला. 'मी साठी ओलांडली आहे. आणखी कशासाठी राखून ठेवायचा हा आवाज?'

मी अर्धं आयुष्य ज्याला ऐकलं, तो माणूस मला हे विचारत होता, आणि माझ्या खिशात त्याच संध्याकाळचं तिकीट होतं. "त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल," मी म्हटलं. "माझ्याकडे फक्त डॉक्टरचं उत्तर आहे, ते मी दिलं."

"कॅन्सल करा," खिडकीजवळून धाकटा म्हणाला. त्याचं ते पहिलं वाक्य.

"लोक निघालेत," मॅनेजर म्हणाली. "या बर्फात, आयोवाहून, विस्कॉन्सिनहून. अर्धे हॉटेलात येऊन बसलेत."

थोरल्याने पुन्हा टाइप केलं. या वेळी त्याने फोन मला दाखवला नाही, मॅनेजरलाही नाही. उठून खिडकीपाशी गेला आणि भावाच्या हातात दिला. धाकट्याने वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"नाही," तो म्हणाला. "तो विषय कधीच संपलाय."

मला काही उमगेना. 'तू गा' असंच लिहिलं असणार हे मॅनेजरने ओळखलं, आणि मला हळू आवाजात सांगितलं. अगदी सुरुवातीला, गावच्या हॉलमध्ये, धाकटाच गायचा. थोरला ड्रमवर होता. लंडनहून रेकॉर्ड कंपनीचा माणूस ऐकायला आला, आणि म्हणाला, या दोघांची अदलाबदल करा. झालं. तेव्हापासून आजपर्यंत धाकटा लोकांसमोर एक ओळ गायला नव्हता.

"तू तेव्हा एक शब्द बोलला नाहीस," धाकटा भावाला म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तो माणूस बोलला, आणि तू नुसता उभा राहिलास. माझ्या बाजूने एक शब्द? एकच?"

थोरला श्वास घ्यायला लागला, मोठा, बोलायच्या आधी घेतो तसा. मी उठून त्याच्या खांद्यावर हात दाबला. "नाही! बोलायचं नाही!"

त्याने माझ्याकडे पाहिलं ती नजर मला अजून आठवते. जे बोलायचं होतं ते तोंडाशी आलं होतं, आणि मी तिथे उभी राहून ते अडवत होते. त्याने ओठ मिटले. भावाच्या हातातला फोन घेतला, टाइप केलं, परत दिला. धाकट्याने वाचलं, फोन माझ्या टेबलावर पालथा ठेवला आणि खोलीबाहेर निघून गेला. काय लिहिलं होतं ते मी पाहिलं नाही. थोरल्यानेच ते पुढे जाहीर मुलाखतीत सांगितलं. एवढंच लिहिलं होतं: 'बोलायला हवं होतं.'

शो अजून रद्द केला नव्हता, मॅनेजरने मला हॉलवर यायची विनंती केली. "तुम्ही समोर असलात तर तो गाणार नाही." मी गेले. स्टेजच्या बाजूला, पडद्यामागे, एका लोखंडी पेटीवर मला बसवलं. समोरचा हॉल भरत होता. धाकटा कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मॅनेजर सारखी फोन लावत होती, तो उचलत नव्हता. माझा फोन वाजला. मुलीचा मेसेज. 'आई, व्हेअर आर यू? युवर सीट इज एम्प्टी.' मी लिहिलं, 'पोचले आहे. माझी वाट बघू नकोस.' यापलीकडे मला काही लिहिता येत नव्हतं.

शो सुरू व्हायची वेळ टळून गेल्यावर धाकटा मागच्या दाराने आला. बुटांना बर्फ लागलेला, केस ओले. तो कुणाशी बोलला नाही. त्यांचे ड्रम जुळवून देणारा जो तंत्रज्ञ होता, त्याच्या हातात त्याने स्वतःच्या काठ्या दिल्या आणि स्टेजवर चालत गेला.

मॅनेजरने माइकवरून सांगितलं की थोरला आज गाऊ शकत नाही, आज धाकटा गाईल. हॉलमधून 'बू' असा निषेधाचा ओरडा सुरू झाला. काही लोक कोट उचलून निघाले, मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. थोरला गिटार घेऊन आला, छातीवर हात ठेवून उभा राहिला. काहींनी टाळ्या वाजवल्या.

पहिलं गाणं वाईट गेलं. धाकट्याला हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. त्याने भावाच्या पट्टीत सूर लावला, आवाज चिरकला. कुणीतरी ओरडलं, "घरी जा!" तो थांबला. सगळं वाजणं थांबलं. तेव्हा थोरल्याने गिटारवर दोन स्वर वाजवले, बरेच खाली. पुन्हा वाजवले. धाकट्याने मान वळवून पाहिलं, आणि तिथून उचललं.

आवाज गोड नव्हता. नाकात होता, जरा खरखरीत होता, पण कुणीतरी स्वयंपाकघरात टेबलाशी बसून खरी हकीकत सांगावी तसा होता. ज्या गाण्यात मी तरुणपणी फक्त राग ऐकला होता, त्यात घर सोडल्याचं दुःख आहे हे मला त्या दिवशी कळलं. निघालेल्यांतले काही जण पायऱ्यांवर थांबले.

मग ते गाणं आलं, ज्यातल्या उंच सुरावर आदल्या रात्री आवाज तुटला होता. हॉल उभा राहिला. लोकांना तो सूर हवा होता, आणि धाकट्याला तो येणार नव्हता, हे सगळ्यांना दिसत होतं. मी थोरल्याच्या गळ्याकडे बघत होते. त्याची हनुवटी वर गेली. मानेच्या शिरा ताणल्या. तो एक पाऊल माइककडे सरकला, मग आणखी एक. मी उभी राहिले, "नको!" म्हणून ओरडले, पण त्या गजरात माझं मलाच ऐकू आलं नाही. स्टेजवर मला जाता येत नव्हतं. त्याचं तोंड उघडलं होतं.

धाकट्याने त्याला पाहिलं. त्याने माइकचा दांडा उचलला आणि भावापासून दूर, पलीकडे वळवला. थोरल्याकडे पाठ केली आणि तो सूर खालच्या सप्तकात, जमिनीवर आणून गायला. वरचा सूर हॉलने घेतला. हजारो लोकांनी, बेसूर, मोठ्याने. थोरला तसाच उभा राहिला, हळूहळू त्याचं तोंड मिटलं, आणि तो मान खाली घालून वाजवायला लागला. मी पुन्हा पेटीवर बसले.

शो त्यांनी लवकर संपवला. परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "यू न्यू. सकाळपासून तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"सांगता येत नव्हतं."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "मला तर धाकटाच आवडला."

तपासणीला थोरला पुन्हा आला, तेव्हा बरोबर धाकटाही होता. पडद्यावर उजवा तंतू पांढरा दिसला, रक्त शोषलं गेलं होतं. मी म्हटलं, आता बोला, हळू. इतके दिवस गप्प राहिलेला तो माणूस घसा साफ करून भावाकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या गाण्यात तू घाई केलीस."

धाकटा हसत सुटला. "एवढं साठवून ठेवलं होतंस, आणि हेच?"

उंच सूर थोरल्याला पुन्हा सापडला नाही. त्याने तो शोधलाही नाही. आता ते गाणी अर्धी अर्धी वाटून घेतात, आणि धाकटा गातो तेव्हा थोरला मागे ड्रमवर बसतो. जुन्या चाहत्यांपैकी काही म्हणतात, हा तो बँड राहिला नाही. मला वाटतं, तो बँड कधीच एक नव्हता, दर दहा वर्षांनी दुसरा होत आला. वसंतात आम्ही दोघी मिलवॉकीला त्यांना ऐकायला गेलो. धाकट्याने पहिलं गाणं सुरू केलं. मागे थोरला काठ्या धरून बसला होता, आणि त्याची लय जरा चुकत होती.