आई वरच्या खोलीत राहिली ते दिवस

आमच्या घरात कुणी बाहेर बसत नसे. लग्नानंतरची सात वर्षं साताऱ्याकडच्या गावी आईनं दर महिन्याचे चार दिवस गोठ्याशेजारच्या पडवीत काढले होते. वरून टाकलेली भाकरी खाल्ली होती. एकदा तापानं फणफणलेला माझा दादा आत रडत होता आणि तिला त्याला उचलून घेऊ दिलं नव्हतं. पुढे आबा तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी म्हणून लागले, कोपरखैरण्याच्या वसाहतीत घर झालं, आणि पहिल्याच महिन्यात आईनं जाहीर करून टाकलं, "हितं कुणाला कावळा शिवणार न्हाई." मी वयात आले तेव्हा वर्गातल्या दोघी-तिघी चार दिवस कोपऱ्यातल्या चटईवर असायच्या आणि मी खुशाल देवाला फुलं वाहायचे. मला त्याचा भलताच तोरा होता.

मी वाशीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला होते, म्हणजे नव्वदचं दशक साधारण निम्मं झालं होतं. त्या वर्षी आईच्या गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून थायरॉईड काढला आणि मागे उरलंसुरलं जाळायला तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं. "घोटभर पानी पाजलं आन् नर्स पळाली," असं ती पुढे रंगवून सांगायची. काही दिवस तिथल्या वेगळ्या खोलीत ठेवून तिला सोडलं. आबांनी टॅक्सी केली, मागे आई एकटी, पुढे ड्रायव्हरशेजारी आबा. हातात इंग्रजीत लिहिलेली एक चिठ्ठी होती. ताटवाटी आणि कपडे वेगळे ठेवा, पाणी भरपूर प्या, संडासात दोनदा पाणी टाका. आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं, की पंधरा दिवस गरोदर बायकांपासून आणि लहान मुलांपासून लांब राहा.

आमच्या घरात वहिनीला सहावा महिना होता. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी एसटीचा प्रवास करू नका म्हणून बजावलं होतं, म्हणजे माहेरची वाट बंद. आईला दुसरीकडे ठेवावं तर नात्यात ज्यांच्या घरी ठेवणार त्यांच्या एका खोलीत तीन-तीन पोरं. मग दादा-वहिनी आपली वरची खोली सोडून खाली आले आणि आई बाहेरच्या लोखंडी जिन्यानं वर गेली. तिथे मोरी-संडास होता आणि रस्त्यावर उघडणारी छोटी गॅलरी होती.

चिठ्ठी मी सगळ्यांना मराठीत समजावून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खूश, घरातली शिकलेली मीच ना.

तिसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल आटपून घरी आले आणि जिन्याकडे बघून माझं डोकंच फिरलं. वहिनी सर्वांत वरच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. उंबऱ्याच्या आत, दीड हातावर, आई. दोघी हसत होत्या.

"वहिनी, खाली या आधी."

"अगं, मी शिवले नाहीये आईंना," वहिनी म्हणाली. "ताट पायरीवर ठेवते, मी बाजूला झाले की आई उचलतात. कालपण तासभर बसलो होतो, एकदासुद्धा हात लागला नाही."

"पदर बी लागू दिला न्हाई म्या," आई म्हणाली. दोघींच्या तोंडावर चोख काम केल्याचं समाधान होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वेगळं बसायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. शिवायचं नाही, बाकी मनसोक्त बोला. गावी बाहेर बसलेल्या बाईशी सगळ्या अशाच गप्पा मारायच्या. एवढं लांबचं रोगाचं आणि औषधाचं शास्त्र आमच्या घरी आलं, आणि त्यांनी ते विटाळाच्या जुन्या मापात बसवून टाकलं. मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. वहिनी रडत खाली उतरली आणि मला लाज वाटली, पण राग गेला नव्हता.

मी खालच्या पायरीवरून आईला सांगितलं, "चुलीला हात लावला नाही तरी धग लागते ना? जवळ बसलं तर जास्त, लांब बसलं तर कमी. तसं आहे हे."

आई उंबऱ्यापासून हातभर मागे सरकली. मग म्हणाली, "म्हंजी चूल मीच."

"पंधरा दिवस."

"आन् जमिनीतनं खाली जाती का ही धग?"

"स्लॅब आहे मधे. थोडी जात असेल."

"मग ती रातची कुठं निजती? माझ्या खालीच की."

मी सायन्सची विद्यार्थिनी, आणि हा प्रश्न मला सुचला नव्हता. आईनं त्याच क्षणी गादी ओढत मोरीकडच्या कोपऱ्यात नेली. खाली मी वहिनीचं अंथरूण उलट्या टोकाच्या स्वयंपाकघरात टाकलं. त्या घटकेपासून कारभार माझ्या हातातून आईच्या हातात गेला, आणि खरं सांगायचं तर तिथेच तो शोभून दिसला.

मी पीसीओवरून चिठ्ठीवरच्या नंबरला फोन लावला. डॉक्टर रागावले नाहीत. किती वेळ, किती अंतरावर, सगळं विचारून घेतलं. म्हणाले, "एवढ्यानं काही होईल असं वाटत नाही. घाबरू नका, पण आता जवळ नको." मी ते जसंच्या तसं आईला सांगितलं.

"वाटत न्हाई म्हनले," आई म्हणाली. "हुनार न्हाई, असं न्हाई म्हनले."

त्यानंतर बरेच दिवस तिनं हा विषय काढला नाही. पण बाळाचं काही बरंवाईट झालं तर ते आपल्या त्या दोन दुपारींमुळे, हे तिनं मनात धरलं होतं. गॅलरीत उभी असली की तिचे डोळे खाली वहिनीच्या पोटावर असायचे.

संध्याकाळी आबा मार्केटातून गोण्यांवर मार्का मारायचा लाल रंग घेऊन आले. दोन्ही हात पसरून त्यांनी आईच्या उंबऱ्यापासून एक वाव मोजला, वर आणखी हातभर धरला आणि जिन्याच्या त्या पायरीवर जाड पट्टा ओढला. जेवण तिथपर्यंत न्यायचं, ठेवायचं, परत फिरायचं. वहिनीनं जिन्याला हातसुद्धा लावायचा नाही. आयुष्यभर आबांनी दुसऱ्यांच्या मालावर मार्के मारले, घरासाठी मारलेला तो एकच.

आई शिस्तीत आमच्या सगळ्यांच्या वरचढ निघाली. कळशीभर पाणी दिवसात संपवायची. तिची ताटली, तिची लुगडी तीच धुवायची. शेजारचं रांगतं पोर जिन्याशी आलं की वरून असा आवाज टाकायची, की ते बिचारं जागच्या जागी बसून भोकाड पसरायचं. गल्लीत कुजबुज सुरू झाली होतीच. तेव्हा कॅन्सरचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे, लोक 'तो आजार' म्हणायचे. एका सकाळी नळावर बायका जमल्या असताना आई गॅलरीत आली आणि वरूनच बोलली.

"मला कॅन्सर झालता. काढला. आता त्याचं औषध अंगात हाय, ते पोटुशीला आन् लेकरास्नी बाधतं. म्हनून पंधरा दिस तुमी तुमची पोरं सांभाळा. इटाळ न्हाई, लागनारा रोग बी न्हाई. अजून काय इचारायचंय?"

बायका आपापल्या हंड्यांकडे वळल्या. मी खाली हंडा धरून उभी होते आणि माझी छाती अशी फुगली की हंडा वाहून चाललाय हेही कळलं नाही.

मग गावाहून आत्या आली, आबांची थोरली बहीण. भावजय वर एकटी बसलीय म्हटल्यावर तिनं पहिल्याच दिवशी बंबात पाणी तापवलं. "चारावर दिस झालं. डोक्यावरनं पानी घे, गोमूत्र शिपडती, आन् ये खाली. पोटुश्या सुनंला सोडून एवढं लांब बसत्यात व्हय?" आणि बादली घेऊन ती थेट जिना चढायला लागली. लाल पट्टा तिच्या खिजगणतीत नव्हता.

आबांच्या बहिणीपुढे आई कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही चढवला नाही. दार आतून लावलं आणि खिडकीतून म्हणाली, "वन्सं, त्यो इटाळ पान्यानं जात हुता, कारन त्यो नव्हताच. ह्यो हाय. म्हनून ह्येचे दिस पुरं करावं लागत्यात."

आत्या बादली घेऊन पट्ट्यावर उभीच राहिली. पडवीत तिनंही आईइतकीच वर्षं काढली होती, उलट जास्तच. थोड्या वेळानं ती उतरली आणि त्या गरम पाण्यानं स्वतःच न्हाली. मात्र दुसऱ्या दिवसापासून जिन्याच्या तळाशी पाट टाकून बसली ती पहारेकरी होऊनच. दादालासुद्धा विचारल्याशिवाय वर सोडेना.

पंधरा दिवस सरले. वहिनीनं पुरणाचा घाट घातला. आई काही खाली आली नाही. मी पट्ट्यापर्यंत जाऊन म्हटलं, "अगं, संपले दिवस. चिठ्ठीत पंधराच आहेत."

"चिठ्ठीचं संपलं," ती म्हणाली. "दोन दिस आमी गप्पा हाणल्या, त्यं माझ्याकडनं."

आणखी दोन दिवस राहूनच ती उतरली. मधल्या काळात पुरण दोनदा झालं.

तीन महिन्यांनी वाशीच्या दवाखान्यात वहिनीला मुलगी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ छान आहे, बाळंतीणही छान आहे. आबा, दादा, आत्या, सगळे पाळण्याभोवती गोळा झाले. आई दाराशीच थांबली होती. मी नजरेनं मोजलं, पलंगापासून बरोबर एक वाव. तिथूनच तिनं नर्सला विचारलं, बोटं दहा हायेत का, रडली का, दूध वढती का. नर्सनं सगळ्याला हो म्हटलं.

वहिनीनं हात पुढे केला. "आई, घ्या ना."

आई हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात जिनं कुठल्या गोष्टीला कुणाची परवानगी मागितली नव्हती, ती बाई एका कॉलेजातल्या पोरीला विचारत होती, "घिऊ का गं? चिठ्ठी काय म्हनती?"

चिठ्ठीची मुदत संपून तीन महिने झाले होते. "घे," मी म्हटलं.

तिनं मुलीला उचललं आणि गळ्यावरच्या ऑपरेशनच्या वणापाशी धरलं. मग दादाकडे बघत ती म्हणाली, "तुला तवा उचलू दिलं न्हाई मला. हिच्यापासनं मी आपनहून लांब ऱ्हायले."

आणि मुलीला घेऊन ती खिडकीशी जाऊन बसली. आत्यानं दोनदा मागितली, तरी दिली नाही.