चहाला नाही म्हणायचं नाही

मला चहाचा राग येतो. नवरा म्हणतो, वर्षानुवर्षं दिवसाला आठ कप ढोसणाऱ्या बाईने असं बोलू नये. बोलू दे त्याला. मी ते आठ कप आवडीने प्यायले नाहीत, कामाचा भाग म्हणून प्यायले, आणि माझ्याबरोबर बसून जी बाई ते प्यायची तिचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्या बाईला मी ताई म्हणायची. वस्तीत त्या बडी दीदी आणि मी छोटी दीदी, केस माझेही तेव्हाच पिकायला लागले होते तरी. ताई मूळच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. मी इथलीच. वडील नागपूरहून कारखान्यात नोकरीला आले आणि आम्ही भोपाळचेच होऊन गेलो. आमचं काम सफाई कामगार बायकांच्या वस्तीत. ह्या बायका उजाडायच्या आत घराबाहेर पडून चार इमलीपासून हबीबगंजपर्यंतचे रस्ते झाडायच्या, नाल्यांमधला गाळ उपसायच्या, तोही उघड्या हातांनी. त्यांना हातमोजे आणि बूट मिळावेत, नोकरी पक्की व्हावी, ह्यासाठी आम्ही अर्ज लिहायचो, महापालिकेच्या दफ्तरात खेटे घालायचो. दुपारी बायका परतल्या की घरोघरी जाऊन बसायचो.

आणि घरोघरी चहा. पहिल्याच दिवशी ताईंनी मला बजावलं होतं, "हे बघ, इथे चहाला नाही म्हणायचं नाही. ह्या बायका ज्यांच्या दारापुढचा रस्ता झाडतात ना, त्यांच्यातली काही माणसं ह्यांच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवतात, कुंपणाच्या भिंतीवर. आपण नाही म्हटलं की ह्यांना तो कप आठवणार. पोटात जागा नसली तरी प्यायचा."

मला ते पटलं. आजही पटतं, हीच तर पंचाईत आहे.

तिथला चहा म्हणजे दूध आटवून केलेला आणि साखर मोकळ्या हाताने घातलेली. पाहुण्याच्या कपात साखर कमी पडली तर घरच्या बाईची नाचक्की. माझ्या पोटात दुपारी चारपासून जी जळजळ सुरू व्हायची ती रात्री जेवणापर्यंत. नवरा म्हणायचा, डॉक्टरला दाखव. मी म्हणायची, दाखवते. अंगावर काढायची सवयच लागून गेली होती. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटायचा त्याचा.

ताईंचं मला फार उशिरा कळलं. टी. टी. नगरच्या बाजारात आम्ही बॅनरचं कापड घ्यायला गेलो होतो. उभ्या उभ्या त्यांना घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. दुकानदाराने स्टूल दिलं. ताईंनी पर्समधून बडीशेपेची डबी काढली, त्यातून एक गोळी तोंडात टाकणार, तोच मी हात धरला.

"कसली गोळी आहे?"

"शुगरची."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून. हात सोड."

"आणि वस्तीतला चहा?"

"जास्त झाला तर एक गोळी वाढवते."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. घाम गोळ्या जास्त झाल्याने फुटलाय की साखरेने, हे न बघताच बाई आणखी एक गोळी घ्यायला निघालेली! "ताई, पोरींना विज्ञान शिकवायचात ना तुम्ही? हे शिकवायचात?" दुकानात चार माणसं बघायला लागली.

"ओरडू नकोस. आणि वस्तीत एक अक्षर बोलायचं नाही, माझी शपथ आहे तुला."

"अहो, बिनसाखरेचा मागा की. चहाच नको असं कोण म्हणतंय?"

"आज साखर नको, उद्या दूध नको, परवा चहाच नको. असे पुष्कळ येऊन गेले वस्तीत, पाण्याची बाटली घरून आणणारे. त्यांचीही कारणं असायची. मला त्यांच्यात जमा व्हायचं नाहीये."

शपथ मी पाळली. पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही, म्हणून घरोघरी चहा हातात आला की मराठीत सुरू व्हायची. तिथे मराठी कुणाला येत नव्हती. "ताई, अर्धाच घ्या." "गप्प बस." "मरायचंय का तुम्हाला?" "तुझा कप संपव आधी, आणि जरा हस. ती बघतेय." मी त्या कपाकडे अशी बघायची की कपालाच मारेन. समोर बहुतेकदा कोपऱ्यावरच्या घरातली बाई असायची. तिचा नवरा गटार साफ करायला उतरला होता आणि वर आलं ते त्याचं प्रेत. आमच्या कामात ती सगळ्यांच्या पुढे. तिच्या घरी तर दोन-दोन कप.

मध्यंतरी आमच्यासारख्या कार्यकर्त्यांचं एक शिबिर झालं, हबीबगंजच्या बाजूला एका हॉलमध्ये. विषय, स्वतःची काळजी. दिल्लीहून आलेल्या बाईंनी डोळे मिटून श्वास घ्यायला लावलं. ताई चक्क घोरल्या. मग प्रत्येकाला चिठ्ठी दिली, उद्यापासून आपण कशाला नाही म्हणणार ते लिहा. मी लिहिलं, रविवारची मीटिंग. ताईंनी लिहिलं, अशा शिबिरांना. आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या फिदीफिदी हसलो. मधल्या सुट्टीत वाढपी कागदी कपातून चहा घेऊन आला, आणि ताई त्याला म्हणाल्या, "नहीं भैया, मुझे शुगर है."

किती सहज! ज्याला उभ्या जन्मात पुन्हा बघायचं नाही त्याला सांगितलं. मी तोंड उघडलं तर म्हणाल्या, "इथली गोष्ट वेगळी." कपाळ माझं.

पुढच्या उन्हाळ्यात ताईंनी नवी चप्पल घेतली. तिचा पट्टा करंगळीला लागत होता, पण पायाची जाणीव आधीच गेलेली, त्यामुळे त्यांना काही कळलंच नाही. बैठकीच्या सतरंजीवरचा ओला डाग मला दिसला आणि मी पाय ओढून पाहिला. करंगळीच्या खालचं सगळं कातडं गेलं होतं. ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावरच उखडले, मी त्यांची मुलगी आहे असं समजून. पाय उंच ठेवून पंधरा दिवस पडून राहायचं, जमिनीवर टेकवायचा नाही, नाहीतर पाय जाईल, असं स्पष्ट सांगितलं. आणि ताई चक्क पडून राहिल्या. मी डबा नेऊन द्यायची. चार दिवसांत जखम कोरडी पडायला लागली होती.

आता पुढचं. हे मी नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नाही.

पाचव्या दिवशी दफ्तरातून निरोप आला की तिथले साहेब उद्या अकराला बायकांना भेटतील. किती महिने त्या भेटीमागे घालवलेले! मी घाबरले. दफ्तरासमोर मोजक्या पाच-सात बायका आल्या तर साहेब हसतील, आणि सगळं पाण्यात. वस्तीत जाऊन बायकांना विचारावं, हे काही सुचलं नाही. मी ताईंना फोन लावला. म्हटलं, "ताई, तुम्ही आल्याशिवाय बायका येणार नाहीत हो."

ताईंनी वेळ पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाल्या, "रिक्षा घेऊन ये."

एका अक्षराने मी म्हटलं नाही की राहू द्या. उलट सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी बायका भरपूर आल्या. साहेबांनी तीन तास बाहेर उभं केलं, डांबरावर, उन्हात. सावलीतला एक बाक होता, ताई म्हणाल्या, बायका उभ्या असताना मी कशी बसू. आत पाच मिनिटं भेट झाली. हातमोज्यांचा कागद निघाला, हे खरं. तो कागद माझ्याकडे आहे. मला तो बघवत नाही.

आठवड्याने ताईंचा पाय काळा पडला. गुडघ्याखालून कापावा लागला.

तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरची बाई हॉस्पिटलात आली, हातात थर्मास. पायाचं वस्तीत कळलं होतं आणि पायाबरोबर शुगरचंही. मी ताईंच्या उशाशी होते. तिने चादर सपाट होती तिथे एकदा पाहिलं, मग थर्मासच्या झाकणात चहा ओतला.

"फीकी है, बिना शक्कर की," ती म्हणाली. "बता देतीं तो रोज फीकी बना देते. इसमें क्या था, दीदी?"

मग ती माझ्याकडे वळली. रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली. "आप दोनों चाय हाथ में लेकर अपनी बोली में खुसुर-फुसुर करती थीं. आपका मुँह देखकर हम यही समझे कि आपको हमारे हाथ की चाय से घिन आती है. बड़ी दीदी डाँटकर पिलाती हैं. फिर भी हम देते थे, कि चलो, पी तो लेती हैं."

मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. इतकी वर्षं! तो कान तुटलेला कप त्यांना आठवू नये म्हणून जीव जाळला, आणि माझ्या तोंडानेच तो रोज त्यांच्या पुढ्यात ठेवला. मी सगळं सांगायला गेले, पण हिंदी, मराठी काहीच धड येईना. एवढंच म्हटलं, "उस दिन दफ्तर में... आप लोग आते? दीदी नहीं आतीं, तब भी?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. "हाथ तो हमारे कटते हैं ना," ती म्हणाली. "हम क्यों नहीं आते?"

ताईंनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पुढेही त्या फोनबद्दल कधी बोलल्या नाहीत. हात पुढे करून झाकण घेतलं, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "थोड़ी और दे." इतक्या वर्षांत त्यांनी वस्तीतल्या कुणाकडे काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतर अठराव्या दिवशी त्या गेल्या. जखमेतलं विष अंगभर पसरलं होतं. वस्तीतल्या बायका स्मशानात आल्या. आमच्या ओळखीतल्या काहींच्या भुवया उंचावल्या, त्यांना मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महिनाभर मी वस्तीत गेले नाही. मग एका दुपारी गेले, कोपऱ्यावरच्या घरी. फळीवर हाताच्या पंजाएवढं एक नवं पातेलं होतं, दुकानाचं लेबलसुद्धा काढलेलं नव्हतं. ती म्हणाली, ताई हॉस्पिटलात होत्या तेव्हाच आणलं, बरं होऊन आल्या की त्यांचा चहा त्यात वेगळा करणार होती. वापरलंच नाही.

तिने स्टोव्ह पेटवला. माझ्या पोटात सकाळपासून आग पडली होती. मी म्हटलं, "आज चाय नहीं. पेट में जलन है." काहीतरी मोठा गुन्हा कबूल केल्यासारखं म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली. स्टोव्ह बंद केला. "पानी दूँ?"

बस, एवढंच. मी पाणी प्यायले. ती लसूण सोलायला बसली आणि तिच्या पोरीच्या शाळेचं सांगायला लागली. मी त्या नव्या पातेल्याकडे बघत बसले, आणि मला ताईंचा इतका राग आला, आणि माझा, की मला तिच्यासमोरच रडू फुटलं.