नावं उसवणारी मिसेस डनिंग

हेट स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. तिथे सगळं फुकट. हवं ते न्या, नको ते आणून ठेवा. सदुसष्टच्या त्या उन्हाळ्यात आम्ही हिप्पी पोरंपोरी केसांत फुलं खोचून दिसेल त्याला मिठ्या मारत होतो आणि व्हिएतनामचं युद्ध जणू आमच्याच मिठ्यांनी थांबणार, अशा थाटात वावरत होतो. त्या दुकानात संशय घेणारं माणूस एकच, मिसेस डनिंग.

वय अठ्ठावन्न. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काढलेली, गल्लीतच राहणारी विधवा. आमचे फाटके कपडे बघवेनात म्हणून एक दिवस सुईदोरा घेऊन आली, ती मागच्या खोलीत ठाणच मांडून बसली. आम्ही सगळे एकमेकांना अरेतुरे करायचो. तिला मात्र मिसेस डनिंगच म्हणायचं. तसं तिने बजावलं होतं.

तिचं खरं काम वेगळंच होतं. व्हिएतनामला जाण्याआधी रजेवर सुटलेली सैनिक पोरं वर्दीत दुकानात शिरायची आणि जीन्स चढवून बाहेर पडायची. छावणीत परत जायचीच नाहीत. मागे राहिलेल्या वर्दीच्या खिशावरची नावाची पट्टी मिसेस डनिंग आधी उसवायची. पळालेल्याचा माग लागू नये म्हणून खरं तर पट्टी लगेच जाळायला हवी. पण ती ते करत नसे. "नाव कसं जाळायचं गं?" म्हणायची, आणि पट्टी बिस्किटांच्या डब्यात टाकायची.

सप्टेंबरात एक माणूस यायला लागला. बारीक कापलेले केस, चकचकीत बूट, हातात जुनी बॅग. टांगलेले लष्करी शर्ट एकेक करून चाचपायचा, खिशांवरून बोट फिरवायचा आणि रिकाम्या हाताने जायचा.

"फुकटच्या दुकानातून जो काहीच नेत नाही, त्याला काय हवं असतं, सांग बरं?" मिसेस डनिंग माझ्या कानाशी लागली. "नावं. लष्कराचा माणूस आहे हा."

"तुम्हाला तर पोस्टमनही पोलीस वाटतो."

"वाटतोच. सगळ्यांचे पत्ते असतात त्याच्याकडे."

मी त्याला एक फूल दिलं. त्याने ते खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी तो मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"या शर्टांवर नावं असतात ना?"

"असतील."

"कुणी उसवली?"

"उंदरांनी," मिसेस डनिंग मान वर न करता म्हणाली. "का? तुम्हाला कुणाचं नाव हवंय?"

त्याचे ओठ हलले. पण तिच्या हातातल्या कात्रीकडे बघून तो म्हणाला, "कुणाचंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बॅगेतून एक जाड लोकरी कोट काढून टेबलावर ठेवला. "कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझी अकराची बस आहे," एवढं बोलून निघून गेला.

"काहीतरी पेरून गेलाय मेला!" मिसेस डनिंगने कोट उलटापालटा केला. खिसे बघितले, अस्तर चाचपलं. मग बाहीपाशी तिचा हात थांबला.

"तीनदा सोडून लांब केलीय ही बाही," ती म्हणाली. "या बघ जुन्या दुमडीच्या खुणा. खांदेसुद्धा सैल केलेत. एकाच वाढत्या पोराचा कोट आहे हा."

कॉलरच्या आत धाग्याने भरलेलं नाव होतं. ते कुणीतरी नुकतंच उसवलं होतं, पण सुईची भोकं शिल्लक होती. कोट खिडकीशी धरून तिने एकेक अक्षर वाचलं: हालस्ट्रम. मग डबा पालथा केला. त्याच नावाची पट्टी त्यात होतीच. मलाही तो पोरगा आठवला. जुलैत आलेला, उंच, लाजरा, तीन वाडगे सूप प्यायलेला. जीन्स मीच शोधून दिली होती. त्याच आठवड्यात तो एका व्हॅनमधून कॅनडाकडे गेला होता.

"लष्कराचा माणूस कशाला नाव उसवेल गं?" मिसेस डनिंगचा आवाज चिरकला. "बापानेच उसवलंय. आपणच सरकारचे हेर असू, या भीतीने."

ती घरातल्या सपाता घालूनच बसथांब्याकडे धावत सुटली. मी तिच्या मागे. मला स्वतःची लाज वाटत होती. तीन दिवसांत त्याला फूल दिलं, पण तुम्ही कोण म्हणून साधं विचारलं नव्हतं.

तो बसच्या रांगेत होता. मिसेस डनिंगने धापा टाकत पट्टी त्याच्या हातात ठेवली. "तुमचा मुलगा धडधाकट आहे. कॅनडात गेलाय. आमच्याच ओळखीच्या गाडीने."

तो पांढराफटक पडला. पट्टीकडे बघितलं, मागेपुढे बघितलं, मग तिच्याकडे.

"हे नाव मी कधी ऐकलेलं नाही, बाई."

"अहो, मी खरं सांगतेय! उंदीर-बिंदीर काही नाही, मीच उसवलं ते. विश्वास ठेवा हो माझ्यावर!"

जगात कुणावर विश्वास न ठेवणारी ती बाई भर रस्त्यात रडत होती. तो बसमध्ये चढला आणि खिडकीशी बसून सरळ समोर बघत राहिला. बस निघून गेली.

"नाहीच पटलं त्याला," मिसेस डनिंग डोळे पुसत म्हणाली. मग स्वतःचे रिकामे हात बघत थबकली. नाव ओळखीचं नाही म्हणाला, पण पट्टी त्याने परत दिली नव्हती.