दरवाज्याचं वावर

मंगळवारी वडील गेले. गाव त्यांना आबा म्हणे.

तेरावं झाल्यावर मी अमळनेरजवळच्या आमच्या शेतात गेलो. पूर्वी तिथे गढीचा दरवाजा होता, म्हणून ते 'दरवाज्याचं वावर'. दरवाजा माझ्या जन्माआधीच पडला. आबांनी नाव मात्र सोडलं नाही. त्यांच्यामागे ते कोण घेणार, ही मला काळजी होती.

बांधावर शेजारचे नाना सुनेला सांगत होते, "आबाना वावरमा गाय गयी, हाकली दे."

मी म्हणालो, "नाना, आबांचं नाही, दरवाज्याचं वावर म्हणा ना."

"दरवाजा कोनी देखा? आबाले बठ्ठासनी देखेल शे." आबांना सगळ्यांनी पाहिलं होतं, हे खरंच.

जे उभं होतं आणि गेलं, त्याचंच नाव आमच्याकडे शेताला मिळतं. मी नानांच्या पाया पडलो.

आता दरवाजा नाही, वडील नाहीत. आबांचं वावर आहे.